लेकरांना जिवंत जनावराची ओळख होऊ द्या

(विहाराच्या वर्धापनदिनी बालसंस्कार वर्गाच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)

 

वर्धापनदिनाला आपण दरवर्षी इमारतीचा, वर्गणीचा आणि कार्यक्रमांचा हिशेब मांडतो. या वेळी समितीने आमच्यावर वेगळं काम सोपवलं. रविवारच्या बालसंस्कार वर्गातली बालवाडी ते तिसरीची २४ मुलं आम्ही जानेवारीत एका शेतावर नेली होती. जनावरं कशी राखतात, त्यांना काय लागतं, हे त्यांना दाखवायचं होतं. या सहलीवर वस्तीत बरंच बोललं गेलं. काही चांगलं, काही वाकडं. म्हणून ती सहल कशासाठी होती आणि तिथं काय झालं, हे पालकांपुढे एकदा नीट मांडावं, असं ठरलं. आम्ही पशुवैद्य नाही, मास्तरही नाही. सूतगिरणीत पाळ्या केल्या, वाचनालयात बसून वाचलं आणि चळवळीत शिकलो, एवढंच आमचं भांडवल. त्या भांडवलावर चार शब्द बोलतो.

बंधू-भगिनींनो, सहलीचा विषय बैठकीत पहिल्यांदा निघाला तेव्हा एक म्हातारी माय उठून उभी राहिली. ती म्हणाली, "माझ्या सासऱ्यानं मेलेली ढोरं वढली. बाबासाहेबांनी आमाला त्यातनं भाईर काढलं. आन् तुमी माझ्या नातवाला पुन्ना शेण काढाया न्येता व्हय?"

बैठक गप्प झाली. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याच्या मागे पिढ्या उभ्या आहेत.

गावगाड्यात जनावर जिवंत असेपर्यंत ते मालकाचं. त्याचं दूध मालकाच्या घरात, त्याचं शेणखत मालकाच्या रानात, पोळ्याला त्याची मिरवणूक मालकाच्या दारातून. जनावर मेलं की हाक महारवाड्याला. ते ओढून न्यायचं, आणि पोट जाळायला त्याचंच मांस खायचं. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचं पाणी आपल्या सगळ्यांच्या ध्यानात आहे. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा, शिळे तुकडे मागणं सोडा, असंही बजावलं होतं. लोकांनी ते ऐकलं. ढोरं ओढायचं नाकारलं म्हणून गावोगाव बहिष्कार सोसले, पण शब्द मोडला नाही. आणि हे सगळं जुनं झालं असंही नाही. जुलै २०१६ मध्ये गुजरातच्या ऊना तालुक्यात मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना बांधून मारहाण झाली, ती साऱ्या देशानं पाहिली. मेलेल्या गाईच्या नावानं जिवंत माणसाची पाठ फोडायची, त्या मायेला आम्ही माया म्हणत नाही.

तेव्हा त्या मायचा प्रश्न बरोबर आहे. आमचं उत्तर एवढंच, की मेलेल्या जनावराचं ओझं आपल्या बापजाद्यांवर लादलं गेलं आणि जिवंत जनावर मात्र त्यांच्या हाती फारसं येऊ दिलं नाही. दोन शेळ्या, चार कोंबड्या असतील. पण दावणीला बैलजोडी किती घरांच्या होत्या? जमीन नाही म्हणून वैरण नाही, वैरण नाही म्हणून जनावर नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला तो याच दुखण्यावर. मग मेलेलं जनावर टाकलं तसं जिवंत जनावरही टाकून द्यायचं का? आम्हाला वाटतं, जे लादलं होतं ते टाकायचं आणि जे हिरावलं होतं ते घ्यायचं.

आम्ही ज्या शेतावर गेलो ते आपल्याच समाजातल्या एका कुटुंबाचं आहे. त्यांच्या आज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती. पोरांनी नोकरीतून पैसा साठवून चार एकर घेतली. आज गोठ्यात दोन संकरित गाई, तीन पंढरपुरी म्हशी, एक खिलार जोडी, दहा-बारा उस्मानाबादी शेळ्या आणि अंगणात कोंबड्या आहेत. आपल्या मुलांनी तो गोठा पाहिला तो मालकाच्या पाहुण्यांसारखा. तिथं कुणी त्यांना हाका मारून कामाला लावलेलं नव्हतं.

ती माय शेवटी नातवाला पाठवायला तयार झाली, पण एक अट घालून. "काढायचं तर समद्यांनी काढा. पोरींच्याच हातात खराटा दिला तर मला चालायचं न्हाय." अट रास्त होती. म्हणून त्या दिवशी गोठ्यात पहिलं घमेलं समितीच्या खजिनदारांनी उचललं, दुसरं आम्ही उचललं, आणि मग मुलगा-मुलगी अशी पाळी लागली. ज्याला किळस आली त्यानं बाजूला उभं राहायचं, त्याला कुणी हसायचं नाही, हा नियम. वेठ आणि शिक्षण यातला फरक आम्ही मुलांना असाच सांगितला. वेठीत नाही म्हणता येत नाही, आणि वेठीत तुमच्या हाती शेवटी काही उरत नाही. शिक्षणात नाही म्हणता येतं, आणि ज्ञान घेऊन घरी जाता येतं.

इथं आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या भागात दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बैलगाड्या, कोप्या आणि त्या कोपीत लहान लहान लेकरं. ती पोरं बैलाला पाणी दाखवतात, वाढं टाकतात, शेण भरतात. जनावराची देखभाल त्यांना आपल्या मुलांपेक्षा शंभर पटीनं येते. पण आपलं पोर एक दिवस गोठ्यात गेलं आणि सोमवारी शाळेत बसलं; त्या पोराची हंगामभर शाळा बुडाली. काम तेच, पण एकाला ते शिक्षण आहे आणि दुसऱ्याची ती मजबुरी आहे. आमची सहल पाहून कुणी म्हणेल, जनावरं राखणं किती छान! तर राखणारं मूल शाळेत जातं का, हे आधी विचारा.

आता सहलीचं सांगतो. निघण्याआधीच्या रविवारी विहारात मुलांना नियम शिकवले. गोठ्यात धावायचं नाही, ओरडायचं नाही. जनावराच्या मागून जायचं नाही. गाई-म्हशीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे तिला आजूबाजूचं पुष्कळ दिसतं, पण अगदी पाठीमागचं दिसत नाही. मागून कुणी अचानक हात लावला तर ती घाबरून लाथ झाडते. तिचा तो रागीटपणा नाही, ते भय आहे. म्हणून दिसेल अशा बाजूनं जायचं, आधी बोलायचं, मग मानेला हात लावायचा. चार मुलांमागे एक मोठा माणूस दिला. कडबा कुट्टीचं यंत्र मुलांना लांबूनच दाखवलं, आणि मुलं गोठ्यात असेपर्यंत ते बंद ठेवायला सांगितलं. गिरणीत काम केलेल्या माणसाला फिरत्या यंत्राची भीती सांगावी लागत नाही.

पहिला धडा पाण्याचा. दूध देणाऱ्या गाईला दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. मुलांना लिटर कळत नाही. म्हणून आम्ही म्हटलं, तुमच्या दप्तरातली एक लिटरची बाटली घ्या, तशा साठ बाटल्या मोजा. मुलांनी छोट्या बादल्यांनी हौदातून पाणी आणायला सुरुवात केली. दहा मिनिटांत हात दुखायला लागले आणि गाय अजून पितच होती! एका मुलानं विचारलं, एवढं पाणी जातं कुठं? मालकांनी सांगितलं, गाईच्या दुधात शंभरातले सत्त्याऐंशी भाग पाणीच असतं. पाणी कमी पाजलं तर दूध आणायचं कुठून? पावसाळा चुकला की माणसाच्या हंड्याआधी जनावराची टाकी कोरडी पडते. दुष्काळात छावण्या का उघडाव्या लागतात, ते त्या पोरांना तिथं बादली उचलताना कळलं.

दुसरा धडा रवंथाचा. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, हे किती जणांना माहीत आहे? आम्हालाही वाचूनच कळलं. तिथं मूठ नसते तर घट्ट हिरडी असते. चारा ती जिभेनं ओढते, अर्धवट चावून गिळते, आणि निवांत बसल्यावर तोच घास पोटातून परत तोंडात आणून चावते. तिच्या पोटाचे चार कप्पे असतात. मुलांना आम्ही घड्याळ दिलं आणि सांगितलं, एका घासाला ती किती वेळा चावते ते मोजा. कुणाचे पंचेचाळीस आले, कुणाचे बावन्न. साधारण चाळीस ते साठ असाच तो आकडा असतो. मालक म्हणाले, "गाय रवंथ करत नसली की आम्ही समजतो, काहीतरी बिनसलं." जनावराला बोलता येत नाही, पण आजारी माणसाच्या नाडीसारखी त्याची ही खूण असते. ती ओळखायला रोज पाहावं लागतं.

याच ठिकाणी आम्ही वस्तीची गोष्ट काढली. आपल्या कचराकुंडीपाशी मोकाट गाई फिरतात. आपण उरलेली भाकरी, भाजीची देठं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून टाकतो. गाईला गाठ सोडता येत नाही, ती पिशवीसकट गिळते. ती पिशवी पचत नाही, पुढे सरकत नाही, पोटात साचत राहते. शेवटी भरल्या पोटी गाय उपाशी मरते. महाराष्ट्र सरकारनं २०१८ साली प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी घातली, पण पिशवी अजून आपल्या दारात आहे. मुलांनी तिथंच ठरवलं की उष्टं पिशवीत बांधून टाकायचं नाही. आता ती घरी येऊन आयांना टोकतात, अशी तक्रार महिला मंडळाकडे आली आहे. अशा तक्रारी वाढोत.

तिसरा धडा नव्या जिवाचा. एक शेळी आदल्या रात्री व्यायली होती. उस्मानाबादी शेळीला बरेचदा जुळं होतं, तिलाही दोन करडं होती. शेळी साधारण पाच महिन्यांत विते, म्हैस दहा महिन्यांहून अधिक घेते. करडाला पहिल्या तासा-दोन तासांत आईचा चीक पाजावाच लागतो. रोगाशी झगडायची ताकद त्याला त्या चिकातून मिळते. आपल्याला खरवस आवडतो हे खरं, पण आधी पिलाचा वाटा. भगिनींनो, आपल्याकडेही बाळंतिणीचं पहिलं दूध पिळून टाकायची रीत कित्येक घरांत होती. डॉक्टर आता सांगतात की बाळाला जन्मल्यापासून तासाभरात ते पाजा. गोठ्यातलं शहाणपण घरातही लागू पडतं ते असं.

कोंबड्यांत एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. अंडं उबायला २१ दिवस लागतात आणि तेवढे दिवस ती अंडी पायानं, चोचीनं फिरवत राहते. मालकांनी अंधाऱ्या खोलीत एक अंडं बॅटरीच्या उजेडापुढे धरलं. आत लाल शिरांचं जाळं दिसलं. चोवीस मुलं एकदम गप्प झाली. एवढी शांतता आमच्या वर्गात कधी झाली नव्हती!

आरोग्याचे नियमही तिथंच सांगितले. जनावराला हात लावून झालं की साबणानं हात धुवायचे, मगच डबा उघडायचा. धारोष्ण दूध प्यायचं नाही, कारण कच्च्या दुधातून क्षयासारखे आजार माणसात येऊ शकतात. दूध उकळूनच प्यायचं. आणि वस्तीतल्या कुत्र्यांबद्दल एक गोष्ट, जी मोठ्यांनीही पाठ करावी. कुत्रा चावला किंवा त्यानं ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना, चटणी भरायची नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची आणि सगळ्या खेपा पूर्ण करायच्या. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही, पण वेळेवर लस घेतली तर तो टळतो. मुलानं घरी येऊन सांगितलं की कुत्रं चावलं, तर आधी मारू नका. मार मिळेल म्हणून मुलं लपवतात, आणि तिथंच घात होतो.

२०२२ साली आपल्याकडे गाई-बैलांत लम्पीची साथ आली होती. मालकांनी मुलांना त्याचीही हकीकत सांगितली. अंगावर गाठी, ताप, चारा बंद. हा रोग डास, माश्या, गोचीड यांच्यामुळे पसरतो. अंगारा लावून तो जात नाही. लस टोचणं, गोठ्यात फवारणी आणि आजारी जनावर वेगळं बांधणं, हे करावं लागलं. आपल्या संविधानाच्या कलम ५१क मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्यं आहेत. ती १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं आली. त्यात प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणं हे एक कर्तव्य आहे आणि लगेच पुढचं कर्तव्य विज्ञाननिष्ठ दृष्टी आणि मानवतावाद वाढवण्याचं आहे. दोन्ही शेजारी शेजारी आहेत आणि दोन्ही एकमेकांशिवाय लंगडी आहेत. दया आहे पण ज्ञान नाही, तर आजारी गाईला अंगारा लागतो. ज्ञान आहे पण दया नाही, तर तिच्याकडे नुसतं दुधाचं यंत्र म्हणून पाहिलं जातं.

दुपारी झाडाखाली डबे सोडले तेव्हा आम्ही मुलांना सिद्धार्थ गौतमाची गोष्ट सांगितली. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सिद्धार्थाच्या बालपणाचं प्रकरण आहे. देवदत्तानं बाण मारलेल्या पक्ष्याची गोष्ट आपण सगळे सांगतो. सिद्धार्थानं बाण काढला, जखम बांधली, पाणी पाजलं, आपल्या वस्त्रात गुंडाळून ऊब दिली. नीट पाहा, त्यानं पक्ष्यासाठी नुसती हळहळ केली नाही. पाणी, पट्टी, ऊब, एकामागून एक काम केलं. पण त्याच प्रकरणात दुसरीही गोष्ट आहे, ती आपण फारशी सांगत नाही. सिद्धार्थ मित्रांबरोबर वडिलांच्या शेतावर गेला आणि तिथं त्यानं भर उन्हात, अंगावर धड कपडा नसलेले मजूर नांगरताना, बांध घालताना पाहिले. एका माणसानं दुसऱ्याच्या श्रमावर जगावं हे योग्य आहे का, असं त्यानं मित्रांना विचारलं. मित्रांना उत्तर सुचलं नाही.

पक्षी आणि मजूर. दोघांचंही दुःख त्याला वडिलांच्या शेतातच दिसलं. ज्याला पक्ष्याची जखम दिसते आणि मजुराची पाठ दिसत नाही, त्याची करुणा अर्धीच राहिली, असं आम्ही समजतो.

म्हणून गोठ्यात काम करणाऱ्या मावशींशी मुलांना बोलायला लावलं. त्या पहाटे चारला उठतात. शेण, पाणी, वैरण, धारा, मग दुपारी पुन्हा पाणी, संध्याकाळी पुन्हा धारा. एका मुलीनं विचारलं, "मावशी, तुम्हाला सुट्टी कधी असते?" मावशी हसल्या आणि म्हणाल्या, "गाय ज्या दिवशी खायाची न्हाय, त्या दिवशी मला सुट्टी." गिरणीचा भोंगा आम्ही ऐकला आहे, तीन पाळ्यांचं जगणं आम्हाला ठाऊक आहे. पण गिरणीला निदान आठवड्याची सुट्टी होती. मालक जवळच होते. मुलीचा प्रश्न ऐकून तेही थोडे विचारात पडले. पुढच्या महिन्यापासून मावशींना पंधरवड्यात एक दिवस पगारी सुट्टी आणि त्या दिवशी घरच्यांनी गोठा सांभाळायचा, असं त्यांनी ठरवल्याचं आम्हाला कळवलं. सहलीतून एवढं जरी झालं तरी आम्ही सहल वाया गेली म्हणणार नाही.

खिलार जोडीपाशी मुलांनी विचारलं, नाकात वेसण घालताना दुखत नाही का? मालकांनी खोटं सांगितलं नाही. घालताना दुखतं, म्हणाले. वेसणीला उगाच हिसका दिला तर पुढेही दुखतं, म्हणून हात हलका ठेवायचा. इथं आम्ही कायद्याची गोष्ट सांगितली. १९६० साली प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. मारणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं, उपाशी-तहानलेलं ठेवणं हा त्याखाली गुन्हा आहे. १९६५ च्या नियमांत तर ओढकामाच्या जनावराचे तासही ठरवून दिले आहेत. दिवसाला नऊ तासांहून जास्त काम नाही. विसाव्याशिवाय सलग पाच तासांहून जास्त नाही. तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही.

कामगार बंधूंनो, हे आकडे ओळखीचे वाटतात का? १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टनं प्रौढ कामगाराला दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली होती आणि सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाचा विसावाही. बैलाला आणि कामगाराला कायद्यानं एकच माप लावलं! यात आम्हाला कमीपणा वाटत नाही. थकणारा देह कुणाचाही असो, तो थकतो. पण एक फरक आहे. कामगाराला युनियन काढता येते, बैलाला काढता येत नाही. म्हणून बैलाच्या वतीनं बोलायला माणूस लागतो, आणि तो माणूस लहानपणीच घडवावा लागतो.

आता अवघड प्रश्नाकडे येतो, कारण तो टाळला तर हे भाषण खोटं ठरेल. कोंबडीला दाणे टाकताना एका सात वर्षांच्या मुलानं विचारलं, "हिला आपण खाणार का?" मोठे एकमेकांकडे पाहू लागले. आपल्या वस्तीत बहुतेक घरांत रविवारी मटण, अंडी, मासळी असते. काही उपासकांनी सोडलंही आहे. मग पहिल्या शीलाचं काय?

आम्ही मुलाला खरं तेच सांगितलं. काही घरांत खातात, काही घरांत खात नाहीत, आणि खाण्यावरून कुणी कुणाला हलकं समजायचं नाही. ताटावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्यांनी आपल्याला पुरेसं छळलं आहे. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यात फरक केला आहे. अहिंसेचा अर्थ त्यांनी सर्वांवर प्रेम करण्याशी जोडला, म्हणजे मारण्याची इच्छाच मनात उरू नये. तेव्हा दगड मारून कुत्र्याचा पाय मोडणं, चतुराच्या शेपटीला दोरा बांधणं, मांजराच्या पिलाला पाण्यात टाकून हसणं, यात कसली गरज आहे? तिथं नुसती इच्छा आहे, आणि ती इच्छा मुलाच्या मनातून काढणं हे आपलं काम आहे. आणि जे जनावर आपल्या हाताखाली आहे, ते जिवंत असेपर्यंत तहानलेलं राहू नये, विनाकारण दुखावलं जाऊ नये, आजारी पडल्यावर वाऱ्यावर सोडलं जाऊ नये. पुढचं, काय खायचं काय नाही, ते मूल मोठं झाल्यावर आपल्या बुद्धीनं ठरवील. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि पुन्हा दाणे टाकू लागला. त्याचं समाधान झालं असं आम्ही म्हणत नाही. प्रश्न त्याच्याजवळ राहिला, आणि तो राहिलेला बरा.

काही पालकांनी विचारलं, हा वेळ गणिताला, कॉम्प्युटरला दिला असता तर? गणित आणि कॉम्प्युटर पाहिजेच, विहारात अभ्यासिका त्यासाठीच आहे. पण एक गोष्ट गोठ्यात शिकता येते ती पुस्तकात येत नाही. गाईला तहान लागली की उद्या देतो म्हणून चालत नाही. तुमचा सण असो, क्रिकेटचा सामना असो, तुमचं मन लागो न लागो, तिला पाणी वेळेवर लागतं. करुणा या शब्दावर आपण विहारात पुष्कळ बोलतो. त्या दिवशी मुलांना तिचा साधा अर्थ कळला. करुणा म्हणजे दुसऱ्याच्या गरजेच्या वेळी हजर राहणं, आणि रोज हजर राहणं. हा अर्थ कळलेलं पोर उद्या म्हाताऱ्या आजीलाही औषध वेळेवर देईल, असा आम्हाला भरवसा आहे.

आता पुढचं. विहाराच्या गच्चीवर आणि नळाजवळ मातीच्या पसरट थाळ्या ठेवल्या आहेत, पक्ष्यांना आणि कुत्र्या-मांजरांना पाण्यासाठी. कोणत्या दिवशी कुणाची पाळी याची वही मुलांनीच केली आहे. थाळी एक दिवसाआड घासायची, नाहीतर डास होतात. वही मोठ्यांनी भरायची नाही, फक्त तपासायची. पाळी चुकली तर रागवायचं नाही. कोरडी थाळी त्या मुलाला दाखवायची, तेवढं पुरतं.

दुसरी सहल पावसाळा संपल्यावर काढायची आहे. या वेळी शेजारच्या वस्त्यांतली, इतर समाजांतलीही मुलं बरोबर यावीत, अशी आमची समितीला विनंती आहे. एकाच गोठ्यात, एकाच खराट्यानं, पाळीपाळीनं. आणि आपल्या भागात हंगामाला येणाऱ्या ऊसतोडीच्या लेकरांसाठी संध्याकाळची शिकवणी सुरू करायची असेल, तर वेळ देणाऱ्या तरुण-तरुणींनी आजच समितीकडे नावं द्यावीत. त्यांच्याकडून आपल्या पोरांनी जनावर राखणं शिकावं आणि आपल्या पोरांनी त्यांना वाचणं शिकवावं. हा व्यवहार बरोबरीचा होईल.

बंधू-भगिनींनो, आपल्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला मेलेलं जनावर आलं आणि ते ओझं बाबासाहेबांनी उतरवलं. आपल्या लेकरांच्या वाट्याला जिवंत जनावर येऊ द्या, त्याचं ज्ञान येऊ द्या आणि ते राखणाऱ्या माणसाचा मानही येऊ द्या. 

जयभीम! नमो बुद्धाय!